जिथून घोडा गेला, तिथूनच सायकल: लेडीबॉवर जलाशयाभोवतीच्या वाटा

इंग्लंडमधल्या शेफील्डला राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी माउंटन बाइक घेऊन डरवेंट एज नावाच्या कड्यावर चढलो होतो. खाली लेडीबॉवर जलाशयाचे पाणी चमकत होते, वाऱ्यापावसाने झिजून चित्रविचित्र आकारांचे झालेले ग्रिटस्टोनचे, म्हणजे खरखरीत वालुकाश्माचे, खडक शेजारी उभे होते आणि कड्याच्या काठाने जाणारी वाट सायकलसाठीच आखली असावी असे वाटत होते. समोरून आलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला थांबवले आणि अतिशय शांतपणे सांगितले, की ही वाट पायी चालणाऱ्यांची आहे, येथे सायकल चालवता येत नाही. मी उतरलो आणि पुढचा सगळा कडा सायकल ढकलत पार केला. घरी आल्यावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा नकाशा पसरून बसलो, तेव्हा त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याचे कळले.

1:25,000 प्रमाणाच्या या नकाशावर पायवाटा हिरव्या आखूड तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात आणि ‘ब्रायडलवे’ म्हणजे घोडेवाटा हिरव्या लांब तुटक रेषांनी. 1968 च्या कंट्रीसाइड कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील घोडेवाटांवर सायकल चालवण्याचा हक्क दिला, मात्र चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट देण्याच्या अटीवर. पुढे 2000 साली आलेल्या कायद्याने मोकळ्या माळावर कोठेही फिरण्याची मुभा मिळाली, पण ती पायी चालणाऱ्यांना, सायकलस्वारांना नव्हे. म्हणजे एखाद्या वाटेने पूर्वी घोड्यावरून जाण्याची वहिवाट होती की नाही, यावर आज तेथे सायकल जाऊ शकते की नाही हे ठरते. इथल्या वाटा नीट समजून घ्यायच्या, तर सुरुवात या आखूड-लांब रेषांपासूनच करावी लागते.

लेडीबॉवर शेफील्डच्या पश्चिमेस सुमारे 20 किलोमीटरवर, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात आहे. अप्पर डरवेंट खोऱ्यात एकाखाली एक अशी तीन धरणे आहेत: वरचे हाउडन, मधले डरवेंट आणि सर्वांत खालचे लेडीबॉवर. पहिली दोन विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बांधली गेली. लेडीबॉवरचे बांधकाम 1935 ते 1943 या काळात झाले आणि डरवेंट व ॲशॉप्टन ही दोन गावे त्याच्या पाण्याखाली गेली. डरवेंटच्या चर्चचा मनोरा काही वर्षे पाण्याबाहेर उभा होता. तोही 1947 साली सुरुंग लावून पाडण्यात आला. पाऊस फारच कमी झालेल्या वर्षी गावातल्या भिंतींचे अवशेष वर येतात आणि ते पाहायला लोकांची रीघ लागते. उजनीचे पाणी ओसरल्यावर वर येणारे पळसदेवचे मंदिर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्या भिंतींसमोर उभे राहिल्यावर काय वाटते हे वेगळे सांगायला नको.

नवख्या माणसाने फेअरहोम्सपासून सुरुवात करावी. हे ठिकाण डरवेंट धरणाच्या पायथ्याशी आहे. तेथून वरच्या दोन जलाशयांना वळसा घालून परत येणारा फेरा साधारण 16–17 किलोमीटरचा आहे. पश्चिम काठाने किंग्ज ट्रीपर्यंत अरुंद डांबरी रस्ता आहे, त्यामुळे लहान मुलांनाही तो झेपतो. वाटेत बर्चिनली लागते. हाउडन आणि डरवेंट धरणांवर राबणारे मजूर येथे कुटुंबांसह राहत. पत्र्याच्या घरांमुळे या वसाहतीला ‘टिन टाउन’ म्हणत. शाळा, दवाखाना, दुकाने असलेले हे अख्खे गाव काम संपल्यावर मोडण्यात आले आणि आता तेथे झाडांमध्ये दडलेले चौथरे तेवढे उरले आहेत. मी तेथे दर वेळी सायकल थांबवतो, कारण धरणावर पाहुणे म्हणून येणाऱ्यांना धरणाची भिंत दिसते, ती बांधणारे हात दिसत नाहीत.

परतीचा पूर्व काठ खडीचा आणि थोडा चढउताराचा आहे. यापेक्षा अवघड काही हवे असेल, तर लॉकरब्रुकच्या टेकाडावरून हॅग फार्मकडे उतरावे, हॅगवॉटर पुलावरून ॲशप नदी ओलांडावी आणि समोरच्या डोंगरावरील होप क्रॉस गाठावा. हा 1737 साल कोरलेला दिशादर्शक दगड आहे. त्याच्या चार बाजूंवर शेफील्ड, ग्लॉसॉप, एडेल आणि होप अशी चार गावांची नावे आहेत. तेथून पुन्हा नदीकडे उतरणाऱ्या खडकाळ वाटेला सायकलस्वार ‘द बीस्ट’ म्हणतात. सुटे, धारदार आणि पावसाने बुळबुळीत झालेले दगड या वाटेवर पायऱ्यांसारखे रचले गेले आहेत. पुढचा ब्रेक घट्ट दाबून येथे उतरू पाहणारा हमखास पडतो. वजन मागे ठेवून, नजर दहा-पंधरा फूट पुढे टाकून सायकलला स्वतःची वाट शोधू द्यावी लागते. मी पहिली दोन वर्षे अर्धी वाट चालतच उतरलो आणि कोणीही तसेच उतरावे असा माझा आग्रह राहील.

परंतु या परिसरातली माझी सर्वांत आवडती वाट कट गेट ही आहे. हाउडन जलाशयाच्या वरच्या टोकाला असलेल्या स्लिपरी स्टोन्सपासून निघून ती क्रॅनबेरी क्लफच्या घळीतून चढते, 500 मीटरहून अधिक उंचीवरच्या मूरवरून जाते आणि पलीकडे लँगसेट जलाशयाकडे उतरते. डरवेंट खोऱ्यातले शेतकरी याच वाटेने पेनिस्टनच्या बाजाराला जात असत. मूर म्हणजे झाडांवाचूनचा, वाऱ्यावर मोकळा पडलेला उंच माळ. ऑगस्टमध्ये हेदर नावाची झुडपे फुलली की तो क्षितिजापर्यंत जांभळा होतो आणि उरलेले बहुतेक वर्ष तपकिरी असतो. त्याच्या पोटात मात्र पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची माती, आहे. स्फॅग्नम नावाचे शेवाळ पाण्यात पुरते न कुजता साचत जाते आणि वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने पीटचा थर चढतो. मँचेस्टर आणि शेफील्डच्या कारखान्यांच्या धुराने हे शेवाळ मोठ्या प्रमाणावर मेले, पीट उघडे पडले, आणि आता ते पुन्हा हिरवे करण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे.

एका फेब्रुवारीत, बर्फ वितळल्यानंतर दोनच दिवसांनी, मी या वाटेवर गेलो आणि माथ्यावर सायकलचे पुढचे चाक आसापर्यंत काळ्या चिखलात रुतले. ते ओढून काढताना मागे वळून पाहिले, तेव्हा माझ्या चाकांची दोन बोटे खोल चर थेट वाटेवर उमटलेली होती आणि तिच्यातून पाणी वाहू लागले होते. पुढचा माणूस ती चर टाळण्यासाठी कडेने जातो, त्याच्या पुढचा आणखी कडेने, आणि अशा रीतीने एका माणसापुरती असलेली वाट पाहता पाहता दहा माणसांच्या रुंदीची होते. धुपलेले पीट ओढ्यांतून खालच्या जलाशयांत उतरते आणि पाण्याला तपकिरी रंग देते. हेच पाणी शुद्ध होऊन आसपासच्या शहरांच्या नळांना येते. तेव्हापासून मी कट गेटला फक्त दोनच वेळी जातो: उन्हाळ्यातली सलग कोरडी हवा असताना, किंवा जमीन दगडासारखी गोठलेली असताना. एप्रिल ते जुलैमध्ये कर्ल्यू आणि गोल्डन प्लोव्हर हे पक्षी जमिनीवरच घरटी करतात, म्हणून त्या दिवसांत वाटेबाहेर चाकही पडू देत नाही. स्थानिक सायकलस्वारांनी गिर्यारोहकांच्या साथीने पैसे उभे करून या वाटेच्या सर्वांत दलदलीच्या भागाची दुरुस्ती घडवून आणली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो, कारण वाट वापरणाऱ्यांनीच ती राखली.

स्लिपरी स्टोन्सला दगडी पूल आहे. तो मुळात बुडालेल्या डरवेंट गावात होता. कोकणातून मीठ घेऊन घाट चढणाऱ्या लमाणांच्या बैलांसारखी इकडे ओझ्याची घोडी चालत आणि त्यांच्यासाठीच असे अरुंद कमानीचे पूल बांधले जात. गाव पाण्याखाली जाण्यापूर्वी या पुलाचे दगड क्रमांक घालून उतरवले गेले आणि 1959 साली तो येथे पुन्हा उभा राहिला. गेल्या सप्टेंबरात लँगसेटहून परतताना मी या पुलापाशी पोहोचलो, तेव्हा पलीकडून एक घोडेस्वार बाई येत होत्या. मी सायकलवरून उतरलो, घोडा बिचकू नये म्हणून त्याला ऐकू जाईल असे बोललो आणि कठड्यापासून दूर गवतात उभा राहिलो. घोडा पुलाच्या माथ्यावर क्षणभर थांबला, कान हलवून माझ्याकडे पाहिले, आणि टापांचा आवाज करीत उतरून कट गेटच्या दिशेने निघून गेला. मग मी सायकल हातात धरून पूल ओलांडला.