बसवलेले, पण न बसलेले पॅड

गाडीबरोबर निदानही आलं होतं: 'ब्रेकची डिस्क वाकलीय, लेथवर टर्निंग मारा.' ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं. कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर जायचं म्हणून चारच दिवसांपूर्वी रेसिंग पॅड बसवलेले.

डायल गेज लावला. रनआउट, म्हणजे फिरताना डिस्क डुलते ती, 0.03 मिलिमीटर; डिस्क सरळ. खरोखर वाकलेल्या डिस्क मी मोजक्याच पाहिल्यात. वाकली म्हणून लेथवर फुकट झिजवलेल्या ढीगभर. मग मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घेतली. एका जागी 0.02 जास्त, आणि तिथेच पॅडच्या आकाराचा काळपट डाग.

आपल्याकडे पॅड बसवले की बिल होतं. ते बसायचेही असतात, म्हणजे त्यांचा पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढायचा असतो, हे कोण सांगणार? मालक त्याच रविवारी कासला गेले, येताना यवतेश्वरचा घाट ब्रेकवर उतरले आणि खाली साताऱ्यात समर्थ मंदिरापाशी कोंडीत पेडल दाबून उभे राहिले. तापलेल्या पॅडने ठसा उमटवला. त्यात डिस्क जुनी, तिच्यावर आधीच्या पॅडचा थर तसाच.

दोन्ही डिस्क 80 नंबरच्या पॉलिश पेपरने आडव्यातिडव्या घासल्या, ब्रेक क्लीनरने धुतल्या. पॅडचा तोंडचा चकाकता थर काचेवर पेपर ठेवून काढला. हबवरचा गंजही खरवडला; तिथली एक खपली रनआउटला पुरते.

पहाटे महामार्गावर, आरशात एकही दिवा नसताना, आधी 60 वरून 20 पर्यंत पाच-सहा हलके ब्रेक. मग 90 वरून 30, दणकून, पण चाक लॉक न करता, आठ वेळा. गाडी पूर्ण थांबवायची नाही. थांबली की पुन्हा ठसा. सहाव्याला उग्र वास आला, पेडल टणक असूनही गाडी पुढे सरकतच राहिली. ती नव्या पॅडमधली राळ, जळून वायू निघतो. पेडलच खाली गेलं असतं, तर ब्रेक ऑइल उकळलं म्हणून तिथेच थांबलो असतो. नंतर पंधरा मिनिटं ब्रेकला पाय न लावता गाडी फिरवली. डिस्कवर सगळीकडे सारखा निळसर राखाडी थर आला, थरथर गेली.

हे पॅड थंड असताना पकडत नाहीत, वर आपलाच थर खरवडतात. म्हणून गावात जुने पॅड वापरा, बदलायला अर्धा तास लागतो, असं सांगून जुने पॅड डिकीत ठेवून दिले. मालक हो म्हणाले.

परवा पोवई नाक्यावर तीच गाडी आली. दिसायच्या आधी ब्रेकची किंचाळी ऐकू आली.