देव नाही असे सांगून चाललेली वारी

देव नाही, असे मी मानतो. ‘असेलही कदाचित’ अशी पळवाट मी ठेवलेली नाही, आणि आळंदीला दिंडीत नाव नोंदवतानाच दिंडीप्रमुखांना तसे सांगितले होते. कारण ज्यांच्या तंबूत झोपायचे आणि ज्यांच्या पंगतीत जेवायचे, त्यांच्यापासून हे लपवणे मला अनादराचे वाटले. त्यांनी एवढेच विचारले, की हरिपाठाच्या वेळी मी शांत बसेन ना. बसेन, म्हणालो.

पुण्यातला मुक्काम आटोपून पालखी सासवडकडे निघते, तो बहुधा एकादशीचा दिवस असतो आणि दिवे घाटाची चढण त्याच दिवशी येते. सगळ्या दिंडीसाठी साबुदाण्याची खिचडी होती, तीच मी खाल्ली. शेजारी चालणाऱ्या मावशींनी “उपास धरला का माउली?” असे कौतुकाने विचारले, तेव्हा नुसती मान हलवली असती तर चालून गेले असते. मी म्हणालो, “उपास नाही धरला, पण तुमच्यासाठी शिजलं तेच जेवलो.” त्यांना त्यात वावगे काही वाटले नाही. नीरेत पादुकांना स्नान घातले गेले, तेव्हाही मी काठावर आदराने उभा राहिलो आणि हात मात्र जोडले नाहीत. वारीत लोक एकमेकांच्या पाया पडतात, वयाने मोठा माणूस लहानाच्याही पडतो. तिथे मात्र मी मनापासून वाकलो, कारण समोर माणूस होता.

वाटेत मला खुपली ती एकच गोष्ट, आणि ती रागाची नव्हे, मायेची होती. लोणंदच्या पुढे एक आजोबा म्हणाले, “अजून तुमची वेळ आली नाही. आली की कळंल.” संशयात असलेला माणूस श्रद्धावंतांना चालतो, कारण तो उद्या आपल्यात येईल अशी आशा असते, ठाम नास्तिकाचे काय करायचे, हे त्यांना उमगत नाही, म्हणून ते त्यालाही वाटेवरचा प्रवासी ठरवून टाकतात. पण माझे पुरोगामी मित्र तरी वेगळे काय करतात? शेतकरी अडाणी आहे, दुःखाने गांजलेला आहे, शिकला की देव सोडेल, हे त्यांचेही म्हणणे ‘अजून वेळ आली नाही’ असेच नव्हे काय? मी आजोबांना सांगितले, की मी याचा बराच विचार केला आहे आणि माझ्या मते देव नाही. तुम्हीही विचार करूनच माळ घातली असणार. ते थोडा वेळ गप्प चालले आणि मग म्हणाले, “हां, मी बी काय कुणाच्या सांगण्यावरनं घातली न्हाई.” त्यानंतर त्यांनी माझी वेळ काढली नाही, मीही त्यांची काढली नाही.

देव ही संकल्पनाच निवृत्त करावी, असे डॉ. श्रीराम लागू जाहीर व्यासपीठावरून सांगत आणि त्याच व्यासपीठावर डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीची भूमिका देवाविरुद्ध नसून शोषणाविरुद्ध असल्याचे मांडत. मी लागूंच्या बाजूचा. तरीही मतभेद नोंदवण्याची एक सुंदर रीत मला पाहायला मिळाली ती पालखीतळावरच्या समाजआरतीत. चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल, ती टाळ वाजवतच राहते. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, हरवल्या-सापडल्या वस्तूंची घोषणा होते आणि त्यानंतर आरती. तक्रार करणारा त्यामुळे वारीबाहेरचा ठरत नाही.

पंढरपुरात मी दर्शनबारीत उभा राहिलो नाही. ज्याला देव मानायचा नाही, त्याने तासन्‌तास रांगेत उभ्या असलेल्या माणसाची जागा अडवू नये, इतके साधे ते होते. शिवाय गर्दीमुळे असंख्य वारकरी कळसाचेच दर्शन घेऊन परततात, त्यामुळे माझे वेगळेपण कुणाच्या डोळ्यांत भरले नाही. साने गुरुजींनी मे 1947 मध्ये या मंदिराचे दार दलितांना उघडावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले होते. ते श्रद्धावान होते, मी नाही. पण ज्या दारातून मला आत जायचे नाही, ते दुसऱ्या कुणासाठी बंद असेल तर त्याविरुद्ध मीही बोललो असतो. श्रद्धेचा आदर म्हणजे तिच्या नावाने होणाऱ्या अन्यायापुढे मौन, असा अर्थ मी घेत नाही.

आमच्या दिंडीतली मंडळी बारीत होती, तेव्हा सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत मी वाळवंटात बसलो होतो. आजोबा परत आले, माझ्या हातावर चुरमुरे-बत्तासे ठेवून म्हणाले, “तुमच्यासाठी बी मागितलं.” मी म्हणालो, “ऐकणारा कुणी आहे असं मला वाटत नाही, आजोबा. पण माझी आठवण काढलीत, बरं वाटलं.” ते हसले, “ऐकतोय का न्हाई, ते त्याचं तो बघंल. माझी पिशवी कुठली यातली?”