हेक्सेनचे पाच समघटक

समघटकता, म्हणजे तेच अणू पण जोडणी वेगळी, शिकवताना बाईंनी फळ्यावर पेंटेनचे तिन्ही समघटक काढले आणि सगळे हायड्रोजन पुसून टाकले. उरले पाच ठिपके, म्हणजे कार्बन, आणि चार रेघा, म्हणजे त्यांच्यातले बंध. "आता हा ग्राफ झाला. कुठल्याही दोन ठिपक्यांमध्ये किती रेघा ओलांडाव्या लागतात ते मोजा. दहा जोड्या आहेत. सगळ्यांची बेरीज करा."

सरळ साखळीची बेरीज आली २०, एका फांदीच्या आयसोपेंटेनची १८, निओपेंटेनची १६. शेजारी बाईंनी उत्कलनबिंदू लिहिले: ३६, २८ आणि साडेनऊ अंश सेल्सिअस. फांद्यांनी रेणू आटोपशीर होतो, शेजारच्या रेणूला कमी भिडतो, त्यांच्यातली ओढ घटते आणि तो लवकर उकळतो. ही बेरीज हॅरी वीनर यांनी १९४७ मध्ये मांडली, म्हणून तो वीनर निर्देशांक. नुसत्या मोजणीतून उकळण्याचा अंदाज येतो, हे पाहून मी थक्क झालो होतो.

घरी सहा कार्बनच्या हेक्सेनचे पाचही समघटक काढले. बेरजा ३५, ३२, ३१, २९, २८. तक्त्यात पाहिलं तर ३२ वाला २-मिथिलपेंटेन ६०.३ अंशांना उकळत होता आणि ३१ वाला ३-मिथिलपेंटेन ६३.३ ला. उलटंच! तीनदा मोजलं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेलो, तेव्हा चूक माझीच असणार अशी खात्री होती.

बाईंनी वही नीट तपासली. "मोजणी बरोबर आहे. आता बरोबर तीन रेघांच्या अंतरावरच्या जोड्या मोज." २-मिथिलपेंटेनमध्ये तीन निघाल्या, ३-मिथिलपेंटेनमध्ये चार. वीनरनी हा दुसरा आकडाही सूत्रात घेतला होता. सरळ हेक्सेनच्या ६८.७ पासून निघायचं: बेरीज एकाने घटली की सुमारे २.७ अंश वजा, अशी जोडी एकाने वाढली की साडेपाच अंश अधिक. ३-मिथिलपेंटेनचं उत्तर ६३.३ आलं. तो आनंद आजही ताजा आहे.

पुढे रांदिच यांचा १९७५ चा निर्देशांक शिकलो. त्यात प्रत्येक बंधाच्या दोन्ही टोकांना किती रेघा मिळतात त्यांचा गुणाकार करायचा, त्याच्या वर्गमुळाने एकाला भागायचं आणि सगळ्या बंधांची बेरीज घ्यायची. मी आधी तेच दोन रेणू घेतले. २.७७ आणि २.८१. या वेळी क्रम उत्कलनबिंदूंशी जुळला. त्याच रात्री बाईंना पत्र लिहिलं. उत्तरात त्यांनी हेप्टेनचे नऊ समघटक मोजून पाठवायला सांगितले.