कपाटातले अर्ज

बारा वर्षं मी एका संस्थेत नोंदी सांभाळते. गेल्या आठवड्यात एक जुनं कपाट रिकामं करताना नोकरीच्या अर्जांचा गठ्ठा सापडला. ज्यांना आम्ही कधी घेतलंच नाही, त्यांचे अर्ज. पत्ते, जन्मतारखा. एकीने कामात खंड का पडला हे सांगताना आपलं आजारपण सविस्तर लिहिलं होतं. अर्धं पान वाचल्यावर जाणवलं, हे वाचायचा मला अधिकारच नाही.

ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी आणि गरजेपेक्षा जास्त काळ ठेवू नये, हे तत्त्व युरोप परिषदेच्या १९८१ च्या करारातही आहे. युरोपीय संघात २०१८ पासून लागू झालेला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आणखी कडक आहे. माहिती फुटून लोकांना धोका संभवत असेल, तर कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला सांगावं लागतं. गंभीर उल्लंघनाला २ कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांत जे जास्त असेल तिथपर्यंत दंड.

मला मात्र त्यातला विचारण्याचा हक्क सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘माझ्याबद्दल तुमच्याकडे काय आहे?’ असं कुणीही विचारावं आणि संस्थेने साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं. त्या बाईने विचारलं असतं, तर आम्ही मनापासून ‘काही नाही’ म्हणालो असतो. आणि ते खोटं ठरलं असतं.

अर्ज आता नष्ट केलेत. त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती कुठल्या संगणकावर आहेत, ते शोधते आहे.