व्हिटॅमिनच तर आहे

सप्टेंबर २०१९. शिकागोजवळच्या एका रुग्णालयात मी रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वसनाचे उपचार करणारी होते आणि माझी रात्रपाळी चालू होती. विशीतला एक मुलगा न्यूमोनिया म्हणून दाखल झाला होता. खोकला, ताप, उलट्या. अँटिबायोटिक्स चालू असूनही ऑक्सिजन वाढवतच न्यावा लागत होता. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसं ठिकठिकाणी पांढुरकी दिसत होती.

त्या उन्हाळ्यात इलिनॉय आणि शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये व्हेप, म्हणजे ई-सिगारेटची वाफ ओढणारी अशी धडधाकट तरुण मुलं एकामागून एक येत होती. ऑगस्टमध्ये इलिनॉयनं एक मृत्यूही जाहीर केला होता. त्यामुळे जास्त वेगानं ऑक्सिजन देणारी हाय फ्लोची नळी लावता लावता मी विचारलं, "व्हेप करतोस का?"

उत्तर त्याच्या आईनं दिलं. पर्समधून बी-१२ व्हिटॅमिनची वाफ ओढायची व्हेप पेन काढून दाखवली. "ह्यात निकोटिन नाही. व्हिटॅमिनच तर आहे."

आई बाहेर गेल्यावर मी पुन्हा विचारलं. दोन शब्द बोलला की त्याला दम लागत होता, तरी त्यानं सांगितलं: ओळखीच्या एकाकडून गांजातल्या नशेच्या घटकाची, टीएचसीच्या तेलाची, व्हेप पेनमध्ये बसवायची काडतुसं घेत होता. मी लगेच डॉक्टरांना कळवलं. ब्राँकोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवात पेशी चरबीच्या थेंबांनी भरलेल्या दिसल्या. स्टेरॉइड सुरू झालं आणि ऑक्सिजन हळूहळू कमी करता आला.

नोव्हेंबरमध्ये सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं दहा राज्यांतल्या २९ रुग्णांच्या अशाच द्रवाचे निष्कर्ष दिले. सगळ्यांत व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट सापडलं होतं. टीएचसीच्या तेलात भेसळ करायला ते सोयीचं, कारण तेही मधासारखं दाट असतं. गोळीतून पोटात गेलं किंवा क्रीममधून त्वचेला लागलं, तर सहसा काही बिघडत नाही. पण वायुकोशांच्या, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या आतल्या बाजूला सर्फॅक्टंटचा अतिशय पातळ थर असतो, त्याच्यामुळे ते मिटत नाहीत. हे तेल त्या थराच्या कामात अडथळा आणू शकतं. पोटाला तेल पचवता येतं, फुप्फुसाला नाही. फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत अशा २,८०७ रुग्णांची नोंद झाली, ६८ जण दगावले.

बी-१२ च्या पेननं त्या मुलाला आजारी पाडलं, असं मी म्हणणार नाही. संशय काडतुसांवरच होता. पण ती पेन निरुपद्रवी आहे, हेही मला मान्य नाही. उपचारासाठी असं एकही व्हेप उपकरण अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनानं मंजूर केलेलं नाही. वेष्टनावर फळांची चित्रं छापून वाफ विकली जाते आणि एरवी सिगारेटच्या वासानंही अस्वस्थ होणारी आई ती स्वतः मुलाच्या हातात देते, याचा मला आजही राग येतो.

घरी सोडताना आईनं डॉक्टरांना विचारलं, "निदान बी-१२ ची तरी चालू ठेवू का?" डॉक्टर म्हणाले, नाही. कमी असेल तर गोळी आहे, इंजेक्शन आहे. मग त्यांनी रक्ताचा अहवाल तिच्यासमोर धरला. बी-१२ पुरेसं होतं.