आठची दुर्बीण

मंगळवार, रात्री

"अगं, आठची? पक्षी बघायला जायचंय का?" नंदूदादा हसला आणि फोन ठेवला. वायोमिंगच्या माळावर प्रॉन्गहॉर्नच्या (हरणासारखं जनावर) शिकारीला आठपट दाखवणारी दुर्बीण नेणार म्हटलं, एवढंच. दुपारपासून ते हसणं डोक्यातून जात नाहीये. सगळे दहापटवाले, त्यांच्यात मी आधीच उपरी. त्यात चष्मा, त्यात स्वस्तातली दुर्बीण, त्यात टॅगही (शिकारीचा परवाना) मादीचा. दरवेळी माझ्याच वाट्याला असं थोडं थोडं कमी का येतं, कोण जाणे.

असो. हिशेब तरी मांडून बघू.

व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी, ८×४२ की १०×४२ (पहिला आकडा पटीचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये)? दोन्हींची किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास, त्यामुळे पैशांचा प्रश्न नाही. ५०० मीटरवरचं जनावर आठमधून साधारण ६२ मीटरवर असल्यासारखं दिसतं, दहामधून ५० वर. सगळं भांडण त्या बारा मीटरचं. उलट हजार मीटरवर आठमध्ये १३१ मीटर रुंदीचा पट्टा मावतो, दहामध्ये ११०. सेजब्रशच्या झुडपांच्या माळावर कळप हुडकताना मला पट्टा हवा. चष्म्याचं तर बोलायलाच नको. आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवता येतो ते अंतर, आठला १७ मिलिमीटर, दहाला १५. आयकप (डोळ्याकडची रबरी कडी) पूर्ण खाली करूनही पंधरात माझ्या चष्म्यातून चित्राच्या कडा कापल्या जातात, किल्लीच्या भोकातून बघावं तसं. आणि थंडर बेसिनच्या माळावरचा वारा! दहात हाताचा थरकापही दहापट.

दादाची तीन हजार डॉलरची काच भारी आहेच, नाही कोण म्हणतंय. पण तिची खरी कमाई पहाटे आणि तिन्हीसांजेला. प्रॉन्गहॉर्न दिवसाउजेडी उघड्या माळावर चरतो. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरची, आणि ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटरचा झोत डोळ्यावर येतो. त्यातला बराचसा वायाच. दुपारी जमीन तापून हवा लहरायला लागली की त्या लहरीही दुर्बीण तेवढ्याच पटीने मोठ्या करते, मग काच कितीची का असेना. ट्रकच्या गरम बॉनेटवरून बघितलं तर आणखी वाईट.

हे सगळं त्याला फोनवर सांगायला मला का नाही सुचलं?

स्वस्त दुर्बिणीत फसवणूक होते ती वेगळ्याच जागी. दुकानात हात लांब करून ती उजेडाकडे धरायची आणि डोळ्याकडच्या भिंगातली प्रकाशाची चकती बघायची. ती गोल असेल तर ठीक. कडा कापलेल्या किंवा करड्या दिसल्या तर आत स्वस्तातल्या बीके७ काचेचा प्रिझम असण्याची शक्यता. बाक-४ काच हवी. मग समोरच्या छपराची आडवी रेघ बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून चार बोटं मागे घ्यायची. दोन्ही वर्तुळांत रेघ एका पातळीत राहिली पाहिजे. वर-खाली झाली तर नळ्या जुळलेल्या नाहीत. त्याचा त्रास दुकानात पाच मिनिटांत कळत नाही, पण माळावर तासाभराने डोकं भणभणतं. फोकसचं चाक दोन्हीकडे फिरवून बघायचं, मध्ये ढिलं लागलं तर ती दुर्बीण तिथेच ठेवायची.

आईला अजून नुसतं 'फिरायला' असंच सांगितलंय. ते नंतर बघू.

टॅग ३४ डॉलरचा, मादी किंवा पाडसाचा. शिंगं पंधरा इंच की चौदा, ही डोकेफोड दादाची. मला फक्त वर्षाचा नर मादी समजून टिपायचा नाही. त्याची शिंगं आखूड असतात, आणि मादीलाही बोटभर शिंगं असू शकतात, म्हणून नुसत्या शिंगांवर जायचं नाही. कानाखाली जबड्यावर काळा डाग असेल तर तो नर. जनावराने मान वळवेपर्यंत थांबावं लागतं, ते थांबणं हात न हलता व्हायला हवं. म्हणजे आठऐवजी दहापट दिसण्यापेक्षा ट्रायपॉड महत्त्वाचा. दुर्बिणीच्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला झाकण असतं, ते फिरवून काढलं की आटे दिसतात. तिथे ॲडॅप्टर बसतो.

प्रॉन्गहॉर्नची नजर आठपट दुर्बिणीइतकी असते, असं शिकारी लोक सांगतात. खरं-खोटं त्यांचं त्यांना ठाऊक, पण खरं असेल तर आमची निदान बरोबरी झाली. दहावाल्यांनी अन्याय करू नये त्या जनावरावर. (हे मात्र दादाला ऐकवायचंच.)

तरी ते हसणं आहेच म्हणा.

उद्या दुर्बीण घेतली की डायॉप्टर (दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवणारी रिंग) लावायचा. उजवी नळी झाकून मधल्या चाकाने डावा डोळा स्पष्ट करायचा, मग डावी झाकून उजव्या आयपीसची रिंग. ही रिंग लॉक होत नाही, पिशवीत घासून सरकते, म्हणून जुळलं की नेलपॉलिशची खूण. घरात आहे ते भडक गुलाबी. वायोमिंगमध्ये शिकाऱ्याच्या अंगावर केशरीऐवजी झगझगीत गुलाबी चालतो, तेव्हा दादाने तोंड उघडायच्या आत कायदा सांगून टाकायचा.