तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्याचे सहा, आपला एक

बँकेच्या कॅश काउंटरवर माझी नोकरी संपली आणि जुनी नाणी जमवायचा नाद मागे राहिला. बेळगावकडच्या खानापूर भागात ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कुणाच्या माळ्यावरची ट्रंक उघडली की प्रश्न माझ्या दारात येतो: "काका, गोव्याचा एक एस्कुदो म्हणजे आपले किती रुपये ओ?"

एस्कुदो म्हणजे पोर्तुगीज राजवटीतलं गोव्याचं शेवटचं चलन. उत्तर एका ओळीचं आहे. सहा एस्कुदोंचा एक रुपया. पण लोक तेवढ्यावर उठत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांना उठू देत नाही.

मागच्या पावसाळ्यात जांबोटीकडचा एक पोरगा प्लास्टिकच्या पिशवीत जपून एक पावती घेऊन आला. पणजोबांची, गोव्यातल्या साखळी गावच्या दुकानातली. पावतीवर १२०, मग डॉलरची खूण, मग दोन शून्यं. पोरानं मोबाईलवर हिशेब करूनच ठेवला होता. दहा हजारांच्या वर! "पणजोबा डॉलरमध्ये व्यवहार करत होते काय ओ?" मी त्याला आधी चहा दिला. ती खूण पोर्तुगीज लोक एस्कुदो आणि सेंताव्होंच्या (एका एस्कुदोचे शंभर सेंताव्हो) मध्ये घालत, आपण रुपये-पैशांच्या मध्ये टिंब देतो तशी. म्हणजे १२० एस्कुदो. भागिले सहा, वीस रुपये. पोराचा चेहरा पडला.

मुळात गोव्यातही रुपयाच होता, 'रुपिया'. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानं तो इंग्रजी रुपयाच्या बरोबरीला बांधला गेला, आणि १८८१ ची पोर्तुगालच्या राजाच्या मुखवट्याची नाणी चक्क कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली. वजन तेच, ११.६६ ग्रॅम, चांदीही त्याच कसाची. रुपियाचे तांगे सोळा, आपल्या आण्यांसारखेच. (तांगा म्हणजे घोड्याचा टांगा नव्हे, हे दर वेळी सांगावं लागतं.) त्यामुळे त्या काळात भाव विचारायची गरजच नव्हती. एकाला एक.

मग १९५७ मध्ये आपण आणे सोडून नवे पैसे आणले आणि पाठोपाठ गोव्यात रुपिया जाऊन एस्कुदो आला. तेव्हाची नाणी हातात घेऊन बघा. १० सेंताव्हो, ३०, ६०, मग १ एस्कुदो, ३ आणि ६. तीनाचं आणि सहाचं नाणं कोण पाडतं? खुद्द पोर्तुगालात असली नाणी नव्हती. पण सहानं भागा: ६ एस्कुदो म्हणजे रुपया, ३ म्हणजे आठ आणे, ६० सेंताव्हो म्हणजे दहा नवे पैसे, ३० म्हणजे पाच. लोकांच्या डोक्यात हिशेब रुपयाचाच होता, म्हणून नाण्यांना त्याच मापाचं अंग द्यावं लागलं. नोटाही तशाच, ६० ची, ३०० ची, ६०० ची. मला तर यात पोर्तुगीज सरकारची हारच दिसते.

सहाचा आकडा आला कुठून? डॉलरकडून. त्या वेळी डॉलरला आपले ४.७६ रुपये पडत आणि पोर्तुगालचे सुमारे २८.७५ एस्कुदो. भागाकार केला की सहाला जरासा वरच येतो. ६ जून १९६६ ला आपला रुपया उतरला, डॉलर ७.५० वर गेला. तोवर गोव्यात एस्कुदो टिकला असता तर रुपयाला चारसुद्धा मिळाले नसते. पण १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, आणि एस्कुदोच्या जागी सहाला एक याच दरानं आपला रुपया आला.

हा झाला कागदावरचा भाव. माझी आजी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, लग्न करून घाटाच्या या बाजूला कणकुंबीला आलेली. ती या 'सहाला एक'ला हसायची. १९५५ च्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहात गोळीबार झाला, त्यानंतर हद्द बंद, रेल्वे बंद. एस्कुदो आला तेव्हा माहेरची वाट रानातूनच उरली होती. तिचा भाऊ चोरून यायचा तेव्हा खिशातले एस्कुदो घाटाच्या या बाजूला कुणी हातात धरत नसे. मग नारळाला मिरची, काजूला कापड. तिच्या लेखी तेव्हाचा भाव एकच: शून्य.

आता दुसरा प्रश्न, "आज किती मिळतील?" बँक घेणार नाही. युरो मिळतील असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. २००.४८२ एस्कुदोंना एक युरो, हा दर लिस्बनच्या एस्कुदोंचा होता, गोव्याचा एस्कुदो त्याच्या चाळीस वर्षं आधीच संपला. राहिला तो नाणी जमवणाऱ्यांचा भाव. तो नाण्याच्या तब्येतीवर ठरतो, अक्षरं किती शाबूत आहेत त्यावर. म्हणून सांगतो, ट्रंकेत जसं सापडलं तसंच आणा.

तो पोरगा आठवड्यानं परत आला, या वेळी १८८१ चा रुपिया घेऊन. असा चकाकत होता की राजाचं नाक जाग्यावर नव्हतं. आईनं चिंच आणि राख लावून घासलं होतं.